चेंबरमागे चेंबर : सांडपाण्यातलं क्रोम येतं कुठून?

उगमाकडे:

नमस्कार मंडळी.

परवा दुसऱ्या एका धाग्यावर प्रश्न आला होता: कारखाने पाणी प्रक्रिया करूनच सोडतात, मग ओढ्याला रंग कसा येतो? उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी बारा वर्षं एका औद्योगिक वसाहतीच्या सामूहिक सांडपाणी केंद्रात, म्हणजे सीईटीपीत, काम केलं. वसाहतीचं किंवा कुणा माणसाचं नाव घेणार नाही. हे कुठल्याही वसाहतीत घडू शकतं.

एरेशन टाकीत आपण जिवाणू पाळतो, असं मी नव्या मुलांना सांगायचो. त्यांना हवा द्यायची, सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य हे त्यांचं जेवण, वरून थोडं युरिया-फॉस्फेट. त्यांची तब्येत चांगली असली की टाकी चॉकलेटी दिसते आणि ओल्या मातीचा वास येतो. आमची टाकी दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि नेमकी गुरुवारी सकाळी, आजारी पडायची. रंग राखाडी, वर फेस, सेटलिंग टाकीतून गढूळ पाणी वर आलेलं. प्रयोगशाळेत सगळ्यांत आधी अमोनियाचा आकडा बिघडायचा, कारण अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सगळ्यांत नाजूक आणि वाढायलाही सगळ्यांत मंद. बाकीचे दोन दिवसांत सावरतात, यांना आठवडे लागतात. ते सावरत आले की पुन्हा तसाच एक गुरुवार.

वसाहतीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. म्हणजे जे होत होतं ते बुधवारी रात्री, टाक्या रिकाम्या करून धुवायच्या वेळी.

कागदावर मात्र सगळं नीट होतं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमचं विषारी, पाण्यात विरघळणारं रूप) मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम. आमच्याकडे येणाऱ्या पाण्याचा महिन्याचा नमुना दुपारी घेतलेला, त्यात क्रोम जेमतेम. चोवीस तासांचा मिश्र नमुना घेतला तरी तेच, कारण तासाभराचा लोंढा तेवीस तासांच्या साध्या पाण्यात मिसळून जातो. म्हणून आम्ही बुधवारी संध्याकाळपासून दर तासाला एक बाटली भरायला सुरुवात केली आणि बाटल्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. तिसऱ्या बुधवारी मध्यरात्रीच्या आधीची एक बाटली लिंबाच्या सरबतासारखी पिवळी निघाली.

इथे माझी चूक सांगतो. वसाहतीतल्या सगळ्यांत मोठ्या प्लेटिंग कारखान्यावर, म्हणजे वस्तूंवर क्रोम-जस्तासारख्या धातूंचा मुलामा चढवणाऱ्यावर, माझा संशय होता. मी तिथे जाऊन तावातावाने बोललो. त्यांचं काम स्वच्छ निघालं, आणि पुढे वर्षभर त्या माणसाने माझ्याशी नीट बोलणं टाळलं. पुराव्याआधी बोललो याचं मला आजही वाईट वाटतं.

मग कामाला लागलो. मुख्य वाहिनीला जिथे फाटा फुटतो त्या प्रत्येक चेंबरपाशी रात्री थांबायचं, दोरीने बादली सोडायची आणि वाहकता मापकाने आकडा घ्यायचा. प्लेटिंगची टाकी ओतली गेली तर पाण्यातले क्षार एकदम वाढतात, वाहकता दुपटीच्या वर उडी मारते. हे मापक काही क्रोम ओळखत नाही, पण कोणत्या फाट्याने लोंढा आला ते त्याच मिनिटाला सांगतं. (चेंबरमध्ये कुणीही उतरायचं नाही, वाकून डोकंही आत घालायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड माणसाला वेळ देत नाही.)

बुधवार चुकला तर? म्हणून दुसरी वाट: चेंबरच्या तळाचा गाळ. पाणी वाहून जातं, पण धातू गाळाला धरून बसतात. वाहिनीवरच्या चौदा चेंबरांतून मूठमूठ गाळ काढला, वाळवला, आम्लात विरघळवून धातू मोजून घेतले. खालच्या नऊ चेंबरांत क्रोम आणि जस्त दोन्ही भरपूर, दहाव्यापासून वर जवळजवळ नाही. नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये फक्त तीन कारखान्यांचं पाणी येत होतं. जस्त आणि क्रोम एकत्र, म्हणजे जस्ताच्या प्लेटिंगवर पिवळं पॅसिव्हेशन (गंज रोखणारा क्रोमचा पातळ थर) करणारा. तीनपैकी तसं काम करणारा एकच होता.

या वेळी मी शांतपणे गेलो. लहान कारखाना, वडील आणि मुलगा. त्यांनी लपवलं काहीच नाही. पॅसिव्हेशनच्या द्रावणात हळूहळू जस्त आणि लोखंड साचतं, रंग नीट चढेना झाला की द्रावण बदलावं लागतं. जुनं पाचशे-सहाशे लिटर द्रावण ते त्यांच्या छोट्या ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या सांडपाणी यंत्रणेत, सोडत. ती यंत्रणा धुण्याच्या पाण्याच्या हिशेबाने बांधलेली, एवढं तीव्र द्रावण तिच्यातून जसंच्या तसं पुढे जायचं. वर त्यांना कुणीतरी सांगितलेलं की चुना टाकला की सगळे धातू खाली बसतात.

हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की नीट लिहितो. चुन्याने जस्त, निकेल, तांबं बसतं. हेक्झाव्हॅलंट क्रोम बसत नाही, ते क्रोमेट म्हणून विरघळलेलंच राहतं. आधी आम्ल घालून पीएच २ ते २.५ वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून ढवळायचं, पिवळा-नारिंगी रंग जाऊन हिरवा आला की ते ट्रायव्हॅलंट, म्हणजे चुन्याने खाली बसणारं कमी विषारी रूप, झालं. मग चुन्याने पीएच साडेआठच्या आसपास न्यायचा आणि हिरवट गाळ बसू द्यायचा. हिशेबाने १ ग्रॅम हेक्झा क्रोमला पावणेतीन ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागतं. फेरस सल्फेट स्वस्त म्हणून वापरतात, पण ते १ ग्रॅमला १६ ग्रॅम लागतं आणि लोखंडाचाही गाळ बसतो, सगळा मिळून चौपट. तो घातक कचरा म्हणून पाठवायचा खर्च धरला तर स्वस्ताई उरत नाही.

त्यांच्याकडे उपाय साधा निघाला. जुनं द्रावण नाल्यात न सोडता बंद टाकीत साठवायचं आणि रोज थोडं थोडं, ईटीपीला झेपेल इतकंच, प्रक्रियेत सोडायचं. पुढचा पावसाळा यायच्या आतच आमची टाकी गुरुवारी आजारी पडायची थांबली.

तुमच्याकडचे अनुभव लिहा. प्लेटिंगच्या धंद्यातलं कुणी असेल तर विशेष आवडेल.

जिगवाला:

दादा, मी आहे धंद्यातला, दुसरी पिढी. त्या बापलेकांच्या जागी मी आम्हालाच बघितलं.

आतून सांगतो. टाकीतून जिग (माल टांगायची चौकट) वर काढला की मालाला चिकटून द्रावण बाहेर येतं, त्याला आम्ही ड्रॅग-आऊट म्हणतो. ते धुण्याच्या टाकीत जातं आणि तिथून गटारात. कामगाराला नगावर पैसे मिळतात, तो जिग काढला की लगेच पुढच्या टाकीत बुडवतो. त्याला दोष कसा द्यायचा? मी टाकीवर आडवा पाइप लावला, जिग त्यावर टांगायचा, दहा अंक मोजायचे, मग पुढे. दोन टाक्यांच्या मधे उतरती पत्र्याची फळी, म्हणजे ठिबकलेलं मागे टाकीतच जातं. पाइप आणि पत्रा, एवढाच खर्च.

दुसरं, धुणं. पूर्वी एकच टाकी, नळ कायम सुरू. आता तीन टाक्या ओळीने: माल पहिलीतून तिसरीकडे जातो आणि पाणी तिसरीतून पहिलीकडे उलटं येतं. एका सल्लागाराने हिशेब करून दाखवला होता. चिकटून आलेलं १ लिटर द्रावण हजारपट विरळ करायचं तर एका टाकीत हजार लिटर पाणी लागतं, दोन टाक्यांत ३२ लिटर, तीन टाक्यांत १० लिटर. माझा विश्वास बसेना, घरी जाऊन वहीत पुन्हा केला, तर बरोबर. पहिल्या टाकीतलं पाणी इतकं तीव्र होतं की क्रोमच्या गरम टाकीत वाफेने घटलेल्या पाण्याची भरपाई म्हणून तेच परत घालता येतं. गटारात जाणारं क्रोम परत मालावर बसतं.

आणि पिवळं पॅसिव्हेशन आमच्याकडे जवळजवळ बंद झालंय. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालात हेक्झा क्रोमवर ०.१ टक्क्याची मर्यादा आली, पाठोपाठ गाड्यांच्या भागांवरही बंधन आलं. मोठ्या कंपन्यांनी आमच्यासारख्यांना ट्रायव्हॅलंट करा म्हणून पत्रं पाठवली. त्या वेळी जाच वाटला होता. आज माझे कामगार ज्या हवेत श्वास घेतात ती बरी आहे, एवढ्यासाठी तरी ते पत्र आलं ते चांगलं झालं.

फेरोइन:

लेख छान आणि जिगवाला यांचा प्रतिसादही. मी प्रयोगशाळेत असते, म्हणून नमुन्याबद्दल लिहिते. तपास बऱ्याचदा बाटलीतच बिघडतो.

धातूंसाठीच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली नेतात, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत. सवयीने हेक्झा क्रोमच्या बाटलीतही तेच आम्ल घातलं की घात होतो. सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्य असतंच, आम्लात ते हेक्झाचं ट्रायव्हॅलंट करून टाकतं, अहवालात "आढळले नाही" येतं आणि सगळे निश्चिंत होतात. हेक्झाचा नमुना वेगळ्या बाटलीत, आम्ल न घालता, बर्फात, आणि चोवीस तासांच्या आत तपासायचा. डायफेनिलकार्बाझाइड घातलं की हेक्झा असेल तर जांभळा रंग येतो. इतका स्पष्ट रंग की शाळेतल्या मुलांनाही दाखवावा.

सीओडीचंही सांगते. मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, तेवढ्यात पाणी आलं की काम संपलं असं समजतात. सीओडी म्हणजे पाण्यातलं किती द्रव्य डायक्रोमेटने जळलं एवढाच आकडा. साखर असो, फिनॉल असो की रंग, त्याला सारखंच. माझ्या हातात एकदा सीओडी नीट आणि फिनॉल मर्यादेच्या कितीतरी वर असा नमुना आला होता. काय बनतं, काय वापरलं जातं ते कळल्याशिवाय काय शोधायचं तेच ठरत नाही.

अवांतर, पण मला मनापासून लागणारं: क्लोराइडचा अडथळा काढायला सीओडीच्या प्रत्येक चाचणीत आम्ही पाऱ्याचा क्षार घालतो, वर चांदी आणि क्रोम. चाचणी झाल्यावर ते बेसिनमध्ये ओतणाऱ्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत. प्रदूषण मोजणाऱ्यांनीच पारा गटारात सोडायचा नाही. आमच्याकडे त्याचा कॅन वेगळा असतो, किल्ली माझ्याकडे.

काठावरची:

तुम्ही सगळे आतले लोक. मी ओढ्याच्या खालच्या गावची. आमची विहीर ओढ्यापासून शंभर-दीडशे पावलांवर. दोन वर्षांपासून पाण्याला कधी कधी पिवळट झाक येते, मेथी-पालकाची पानं करपतात. तक्रार केली की माणसं येतात, पण ती येतात तेव्हा पाणी स्वच्छ असतं. आमच्या हातात काय आहे ते सांगा. मापकं आणि प्रयोगशाळा आमच्याकडे नाहीत.

उगमाकडे:

ताई, आधी तातडीचं. ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका, तपासणी होईपर्यंत. हेक्झा क्रोम जमिनीत अडकून राहत नाही, पाण्याबरोबर पुढे सरकतं. तमिळनाडूतल्या रानीपेटला क्रोमेटचा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला, पण त्याने टाकलेला सुमारे दीड लाख टन कचरा मागे राहिला आणि पुढे कितीतरी वर्षं तिथल्या भूजलात क्रोम सापडत राहिलं. म्हणून विहिरीची तपासणी ओढ्याइतकीच गरजेची आहे. पिवळटपणा लोखंडाचाही असू शकतो. तपासणी ते वेगळं करून दाखवेल.

आता हातातलं काम. पाण्याची वाहकता किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं पेनासारखं मापक हजार रुपयांच्या आत मिळतं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी एक आकडा घ्या आणि वहीत तारीख, वार, वेळ, रंग, वास, पाऊस लिहा. महिनाभराने वहीच बोलायला लागते. सुट्टीच्या आदल्या रात्री आकडा उडतो का ते बघा. पाणी रंगीत दिसलं की स्वच्छ धुतलेली बाटली काठोकाठ भरा, वर तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवा, पण खाण्याच्या वस्तूंपासून लांब. हातमोजे घाला.

तुमची बाटली कायद्याने पुरावा ठरत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस देऊन, त्यांच्या माणसासमोर नमुना घ्यायचा, कारखान्याने मागितलं तर तो दोन भागांत वाटायचा, सील करून सही घ्यायची, असा क्रम आहे. पण अधिकाऱ्याने कुठे आणि केव्हा यायचं ते तुमची वही सांगू शकते. "पाणी खराब आहे" या अर्जापेक्षा "गेल्या चार बुधवारी रात्री दहा ते बारा, पुलाखाली" हा अर्ज वेगळा वाचला जातो. आणि दिवसा आले तरी त्यांना पुलाखालचा गाळ घ्यायला सांगा. पाणी साफ असेल, पण गाळ साफ नसेल.

सरळरेष:

एवढा तपास कशाला? सगळ्यांना शून्य विसर्ग सक्तीचा करा. पाणी बाहेरच पडलं नाही तर प्रश्नच मिटला.

उगमाकडे:

काही उद्योगांना तो हवाच, विशेषतः रंगाई आणि औषधनिर्मिती. पण पाणी उकळून आटवायला इंधन लागतं, आणि तळाला क्षार उरतो, त्यात तेच धातू आणि तेच सेंद्रिय द्रव्य. ते घातक कचऱ्याच्या केंद्रात गेलं तर ठीक. वाटेत टँकर कुठे वळला तर? नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीच्या नाल्यात टँकरने रसायन ओतलं आणि शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात जावं लागलं. कारखान्याच्या दारातून पाणी बाहेर आलं नाही एवढ्याने रसायन नाहीसं होत नाही.

म्हणून मी खरेदीच्या वहीचा आग्रह धरतो. क्रोमिक आम्लात वजनाने ५२ टक्के क्रोमियम असतं. वर्षाला शंभर किलो आम्ल घेतलं तर ५२ किलो क्रोम दारातून आत आलं. किती मालावर गेलं, किती गाळातून केंद्राकडे गेलं, याची बेरीज करा. उरलेलं पाण्यात. मिलिग्रॅमचा आकडा पाणी वाढवून खाली आणता येतो, किलोचा येत नाही. रोज १० लाख लिटर पाणी लिटरला २ मिलिग्रॅमने सोडलं तर नियमात बसूनही दिवसाला २ किलो धातू नदीत जातो.

आणि यंत्रणा बसवली म्हणून निर्धास्त होऊ नये यासाठी मी मुलांना मिनामाटाचं, म्हणजे कारखान्याच्या पाण्यातल्या पाऱ्याने झालेल्या विषबाधेचं, सांगायचो. जपानमध्ये आजाराची अधिकृत नोंद मे १९५६ ची. १९५९ मध्ये कुमामोटो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. चिस्सो कारखान्याच्या विसर्गनाल्याच्या तोंडाशी गाळात टनामागे सुमारे २ किलो पारा निघाला. त्याच वर्षअखेर कारखान्याने सायक्लेटर नावाची मोठी प्रक्रिया यंत्रणा बसवली, लोकांना हायसं वाटलं. ती मिथाइल पारा काढण्यासाठी बनलेलीच नव्हती. पाऱ्याचा विसर्ग १९६८ पर्यंत चालू राहिला. गाळ नऊ वर्षं आधीच सांगून बसला होता.

ऱ्हाइनकाठ:

मी मूळची चिंचवडची, आता नोकरीसाठी बाझलला. इथलं एक उदाहरण या धाग्यात बसेल.

१ नोव्हेंबर १९८६ ला शहराजवळच्या श्वाइत्सरहाल्लेमध्ये सँडोझच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि रंग घेऊन थेट ऱ्हाइनमध्ये गेलं. नदी लाल झाली, खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. जुने सहकारी अजून त्या सकाळचा वास सांगतात. त्यानंतर कारखान्यांनी आगीचं पाणी अडवायला मोठ्या टाक्या बांधल्या. १९९३ पासून सीमेलगत वाइल अम ऱ्हाइनला नदीचं तपासणी केंद्र चालू आहे, स्वित्झर्लंड आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग मिळून चालवतात. तिथे रोज चोवीस तासांचा नमुना तपासला जातो. यादीतली रसायनं तर बघतातच, पण यादीत नसलेलं एखादं शिखर आलेखावर दिसलं तरी ते कुणाचं याचा वरच्या अंगाला शोध सुरू होतो.

उगमाकडे यांनी वेगळ्या बाटल्या ठेवल्या तसंच हेही रोजच्या सवयीचं काम आहे. आगीच्या पाण्याचा विचार मात्र आपल्याकडच्या वसाहतींनी आत्ताच करावा असं फार वाटतं.

जिगवाला:

काठावरची ताई, तुमची वसाहत कुठली ते इथे लिहू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या संघटनेत सगळीकडचे प्लेटर आहेत. कुणाचं जुनं द्रावण साठवायला टाकी नसेल तर ती आम्ही मिळून देऊ शकतो, हे मी जबाबदारीने लिहितोय. कुणाला पकडून द्यायचं नाहीये, पण तुमच्या विहिरीत ते जायला नको.

काठावरची:

मापक घेतलं. पाच आठवडे झाले, म्हणून धागा वर आणतेय.

रोज संध्याकाळी सात वाजता आणि बुधवारी रात्री अकरालाही पुलाखाली मोजलं. मुलगा बॅटरी धरतो. एरवी टीडीएसचा आकडा साडेसहाशे ते सातशे. दुसऱ्या आणि चौथ्या बुधवारी रात्री पंधराशेच्या वर, गुरुवारी संध्याकाळी पुन्हा सातशे. चौथ्या बुधवारी पाणी पिवळं होतं, दोन बाटल्या भरल्यात. विहिरीचा नमुना फेरोइनताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ल न घालता, बर्फात ठेवून त्याच दिवशी तालुक्याला दिलाय, उत्तर सोमवारी. पिण्याचं पाणी सध्या वरच्या वाडीतून आणतो.

पुलाच्या वर ओढ्याला दोन फाटे येतात. आता कुठे उभी राहू?

उगमाकडे:

ताई, वही अगदी नीट ठेवलीत. येत्या बुधवारी तुम्ही डाव्या फाट्यावर, मुलगा घरातल्या मोठ्या माणसाबरोबर उजव्यावर, दोघांनी रात्री दहापासून दर पंधरा मिनिटांनी आकडा घ्या. मापक एकच असेल तर दुसरं मी कुरिअरने पाठवतो, पत्ता व्यनि करा. अर्जाचा मसुदा सोमवारचं उत्तर आल्यावर मिळून लिहू. दोन्ही फाट्यांचा गाळ आत्ताच काढून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, चिठ्ठीवर डावा-उजवा लिहायला विसरू नका.